आमच्या यानाची कॅप्टन

विज्ञान नाटकाचं खूळ माझ्याच डोक्यात शिरलं होतं, दोष कुणाला देणार? मेडशीच्या पुढं एका तांड्यावर मी सातवीला शिकवायचे. पृथ्वी राहण्याजोगी उरलेली नाही आणि सहा अंतराळवीर नवा ग्रह शोधायला निघालेत, असं नाटक मी स्वतः लिहिलं. तालुक्याची स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीनंतर होती.

कॅप्टन केलं होतं एका मुलीला. पाठांतर असं, की बाकीच्या पाचांचे संवादही तीच पुरवायची. पण ही बया ऐकेल तर शपथ! ग्रहावर उतरायचं, यंत्रानं हवा तपासायची आणि 'इथं ऑक्सिजन आहे' म्हणायचं, एवढं सोपं काम. ही रोज उतरायची ती सरळ तीन दगड गोळा करून चूल मांडायला बसायची.

"अवं, अंतराळवीर चूल मांडते काय?" मी खेकसायचे.

"मंग खाते काय, मॅडम? आमी तं कुठी बी गेलो का पह्यले चूलच मांडतो. मंग पानी किती दूर हाय ते पाह्यतो."

कुठी बी म्हणजे ऊसतोडीला. दिवाळी झाली की आईबाप निघायचे आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन ही सोबत. तरी सातवीपर्यंत आली हेच नवल. यंदा गेली तर ती पुन्हा वर्गात दिसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. सातवीतल्याच आधीच्या दोन मुली अशाच गेल्या होत्या, त्यातल्या एकीचं तिकडंच लग्न लावलं. खरं सांगायचं तर नाटक हे निमित्त होतं. नाटकात गुंतली तर घरचे तिला ठेवतील, असं मला वाटायचं.

चूल मी शेवटी काढूनच टाकली. पोरीचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी तिनं सगळं बिनचूक म्हटलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. घरी जाताना एसटीत मी स्वतःवरच चडफडत होते.

सुट्टी संपून शाळा उघडली, तर कॅप्टन गायब. शेजारच्या गावातून येणाऱ्या पोरांनी सांगितलं, मुकादमाची गाडी आली. हातातला खडू तसाच टाकून मी धावले. ट्रकमध्ये गोधड्या, भांडी, कोंबड्या चढत होत्या. मी तिच्या बापाला गाठलं आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"पोरगी एवढी हुशार हाय, दिसत नाही काय तुमाले? कायले तिच्या जिंदगीची माती करता? सहा महिने ठेवा तिला इथं!"

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ठुतो ना, मॅडम. पन कोनापाशी ठुवू? सारा तांडाच निंगून राह्यला. तुमी नेता काय घरी?"

आणि त्यानं खरंच तिची पिशवी ट्रकमधून खाली काढली.

पोरगी माझ्याकडं बघत उभी. माझं घर वाशीमला, दोन खोल्यांचं. त्यात सासूसासरे, नवरा, दोन मुलं. जागेचं एक वेळ जमलं असतं. पण तांड्यावरून आले की मलाच आधी हातपाय धुवायला लावणाऱ्या सासूबाई हिला स्वयंपाकघरात येऊ देतील? आता कुठं घरात जरा शांतता होती.

"घरी विचारून सांगते," मी म्हणाले.

"विचारा," बाप म्हणाला. तो रागावलासुद्धा नाही. मुकादम हॉर्नवर हॉर्न देत होता.

पोरीनं पिशवी स्वतःच उचलली. "जाऊ द्या, मॅडम. माहे डायलॉग मी दुसऱ्या पोरीकडून पाठ करून घेतले हायेत," म्हणाली आणि वर चढून तिनं भावाला मांडीवर घेतलं.

घरी मी कुणालाच काही विचारलं नाही.