मागच्या दिव्यांचा फ्यूज

पुणे ते गडहिंग्लज हा रस्ता मला इतका पाठ आहे की त्यावर कधी काही लिहावंसं वाटलं नाही. आजवर तुम्हाला लांबलांबचे घाट दाखवले, देवळं दाखवली. हा रस्ता घरचा म्हणून राहून गेला. जानेवारीतल्या एका सकाळी माझ्या भाचीचा, रेश्माचा, फोन आला. "मामा, आईला घरी न्या म्हटलं डॉक्टरांनी. सारखं तुमचं नाव काढतीया. आजच या." रेश्माची आई म्हणजे माझी अक्का (थोरली बहीण). आमची आई लवकर गेली, तेव्हा अक्कानेच मला न्हाऊमाखू घालून वाढवलं. दुपारी बाराला गाडी काढली.

साताऱ्याच्या अलीकडे रस्त्याचं काम, कऱ्हाडच्या पुढे पुन्हा रस्त्याचं काम. कोल्हापूर गाठेपर्यंत पाच वाजले. एरवी इथली मिसळ खाल्ल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. त्या दिवशी गाडीतच एक वडा घशाखाली ढकलला. निपाणीकडे वाहतूक तुंबल्याचं कळलं, म्हणून कागलहून मुरगूडच्या रस्त्याला लागलो. दोन्ही अंगांना ऊसतोड चालली होती. गुऱ्हाळांचा (गूळ करण्याची जागा) गोड वास काचा बंद असूनही आत येत होता. लहानपणापासून आवडणाऱ्या त्या वासासाठीही त्या दिवशी काच खाली केली नाही.

दिवेलागणीला एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन ओरडला, "ओ पावणं! मागं समदा अंधार हाय की!"

उतरून पाहिलं. पुढचे दिवे ठणठणीत, मागचा एकही लागत नव्हता. फ्यूज उडाला होता. जवळचा एक घातला, तो पहिल्याच गतिरोधकावर गेला. दुसरा मुरगुडात शिरेपर्यंत टिकला. तिसरा नव्हता. मागून उसाचे ट्रॅक्टर येत असताना न दिसणारी गाडी हाकणं म्हणजे विषाची परीक्षा. रेश्माला फोन करून सांगितलं, "गाडीचे मागचे दिवे गेलेत. मुरगुडात दुरुस्त करून निघतोच."

स्टँडजवळ गाड्यांच्या वायरिंगचं एक लहानसं दुकान होतं. मालक दस्तगीरभाई, साठीचे, पांढरी दाढी, चष्मा कपाळावर चढवलेला. मी घाईघाईने म्हणालो, "भाई, मोठा फ्यूज टाका आणि मला जाऊ द्या. बहीण अत्यवस्थ आहे."

"मोठा घातला तर फ्युज ऱ्हाईल आन् वायर पेटंल," ते म्हणाले. "भनीकडं जायाचं हाय न्हवं, पावणं? मग नीट जावा."

त्यांनी फ्यूजच्या जागी दोन वायरींचा एक बल्ब जोडला. तो भगभगीत पेटला. "ह्यो पेटतोय तवर शॉर्ट हाय. एकेक जोड सोडवत जायाचं. विझला की घावलं." उजवा दिवा सोडवला, बल्ब पेटलेलाच. डावा सोडवला, पेटलेलाच. जन्मात पहिल्यांदा मी दिवा विझावा म्हणून देवाला हात जोडत होतो.

तेवढ्यात समोर गडहिंग्लजची एसटी लागली. "भाई, किती वेळ?"

"धा मिंटात बी व्हईल, न्हाईतर तास बी लागंल. घावल्याबिगर कसं सांगू?"

माणूस ऐकायचं तेवढंच ऐकतो. मी दहा मिनिटं ऐकली. गाडी तिथेच टाकून एसटीत बसायला मला कुणी अडवलं नव्हतं. एसटी निघून गेली, आणि ती दहा मिनिटं सव्वा तासाने संपली.

शेवटी दस्तगीरभाईंनी डिकीचं दार खाली ओढलं आणि बल्ब विझला. वर केलं, पेटला. "हितं हाय बगा." दाराच्या आतल्या बाजूला घोड्याची नाल होती. दसऱ्याला मी गाडी गडहिंग्लजला नेली, तेव्हा अक्काने तिची पूजा केली आणि नजर लागू नये म्हणून काळ्या घोड्याची नाल कुठून तरी पैदा केली. बाहेर लावली तर चोरीला जाईल, म्हणून दाजींनी (अक्काच्या नवऱ्याने) ती आतून दोन स्क्रूंनी घट्ट बसवली. त्यातल्या एका स्क्रूचं टोक नंबरप्लेटच्या दिव्याच्या वायरीला टेकलं होतं. तीन महिने वायर त्यावर घासत होती, आणि तांबं उघडं पडलं ते नेमकं त्या दिवशी.

"कुनी बसिवली?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"घरच्यांनी."

"मायेनं करत्यात," असं पुटपुटत त्यांनी स्क्रू काढला, वायर सांधून वर पट्टी गुंडाळली. नवा फ्यूज शाबूत राहिला.

गडहिंग्लजला पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. अंगणात चपलांचा ढीग होता. अक्का सव्वाआठला गेली होती. ती एसटी आठला पोचली असती, हा हिशेब मी उंबऱ्यातच केला आणि तिथेच बसून ओक्साबोक्शी रडलो.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन (अस्थी व राख पाण्यात सोडणे) झाल्यावर मी निघालो. दाजी गाडीपर्यंत आले. "कुठं व्हतं रं शॉर्ट?"

"मागच्या दिव्यात पाणी गेलं होतं," मी म्हणालो.

"बरं झालं, तसाच न्हाई आलास. रेश्मानं सांगितल्यावर तुझी अक्का म्हनली, त्येला म्हनावं, दिवं नीट करूनच ये. मी थांबतो." (आमच्याकडे बायकाही 'थांबतो'च म्हणतात.)

दाजींनी डिकीवर दोनदा थाप मारली आणि मी गाडी सुरू केली. परतताना मुरगूड भर उन्हात लागलं. दस्तगीरभाई एका टेंपोखाली आडवे झाले होते. मी थांबलो नाही.

खरं काय घडलं ते दाजींना सांगायचं धाडस मला होणार नाही. हे इथे छापून आलं तरी त्यांना कळेल अशी भीती नाही. दाजींना अक्षर येत नाही. माझं छापून आलेलं प्रत्येक प्रवासवर्णन त्यांना शेजारी बसवून अक्का मोठ्याने वाचून दाखवायची.