युसूफचे डोळे, माझे कान

शाळेत सगळा वर्ग सुरात रानाची कविता म्हणायचा आणि शेवटची ओळ युसूफ सगळ्यांनंतर एकटाच ओरडायचा. तो आवाज आज सकाळपासून कानात घुमतोय.

मंडळी, उद्या पहाटे आम्हा दोघांना बेंबळीहून माझ्या गाडीनं निघायचंय. ताडोबा, कान्हा आणि थेट आसामातलं काझीरंगा. कवितेतलं रान म्हातारपणी तरी बघावं म्हणून वर्षभर नकाशावर रेघा ओढल्या. मला लांबचं धूसर दिसतं, त्याला हॉर्न ऐकू येत नाही. म्हणून त्यानं चालवायचं आणि मी शेजारी बसून ऐकायचं, असं ठरलं.

सकाळी फोन केला, तर त्याच्या सुनेनं, शबानानं उचलला.

"चाचा, अब्बूंना कान न्हाईत, तुम्हाला डोळे न्हाईत. गाडी चालवणार कोण?"

"अगं, दोघं मिळून एक ड्रायव्हर होतो की!"

"आन् समोरनं ट्रक आला की दोघं मिळून कविता म्हणणार व्हय?"

फोन कट. तेव्हापासून बंदच. संध्याकाळ झाली. भरलेली बॅग दाराशी आहे, तिच्याकडं बघवत नाही. खरं सांगतो, पोरीचं चुकलं असंही म्हणता येईना. तुम्ही असता तर सुनेचं ऐकलं असतं, की रानाचं?

एवढं लिहिलं आणि कडी वाजली. दारात शबाना, एकटीच. हातात युसूफची पिशवी आणि स्वतःचं लायसन.

"चाचा, किल्ली द्या. पहाटे तुम्ही दोघं मागं बसायचं."