ओझं हवेत असताना

क्रेनकाका उलटे पळायचे.

म्हणजे भिंगरी ही कुत्री उडीच्या दांडीकडे धावत येतेय आणि काका तिच्याकडे तोंड करून, हात खांद्याच्या रेषेत धरून मागे मागे सरकताहेत. असं सरकता सरकता ते एकदा खांबांच्या रांगेवर आदळले आणि एकदा पाण्याच्या बादलीत बसले. बघणारे पोट धरून हसले. भिंगरी मात्र दांडी सोडून काकांसमोर येऊन बसली. तिच्या मते तिला सांगितलं होतं तेच.

"बाबा, तुमच्या पायांची बोटं तिच्याकडे आहेत," काकांची मुलगी म्हणाली. "त्याचा अर्थ माझ्याकडे ये. ती आली."

"पण हात बघ ना माझा. उजवीकडे आहे."

"तुमचं उजवं म्हणजे तिचं डावं. आणि हात ती सगळ्यांत शेवटी बघते. आधी पाय, मग खांदे, मग हात. तोवर तिची उडी मारूनही झालेली असते."

मुलगी एका गोदामामागच्या मैदानावर कुत्र्यांना अडथळ्यांची शर्यत शिकवायची. उड्या, रांगेतले खांब, सी-सॉ आणि निळ्या कापडाचा एक लांब बोगदा. कुत्रा एकटा पळत नाही. माणूस सोबत पळतो आणि पुढचा अडथळा कोणता ते खुणेनं सांगतो. पुढच्या महिन्यात क्लबची स्पर्धा होती. मुलगी तिथं पंच, त्यामुळे स्वतःच्या भिंगरीला घेऊन तिला पळता येणार नव्हतं. पळणार एक तर तिचा नवरा, नाही तर तिचे बाबा.

"रविवारी दोघांची एकेक फेरी," तिनं जाहीर केलं. "ज्याची बिनचूक, त्याची भिंगरी. लाडीगोडी चालणार नाही."

जावई रोज सकाळी पाच किलोमीटर पळणारा. काका बासष्ट वर्षांचे, डाव्या गुडघ्याला पट्टा. जावई फार गोड आवाजात म्हणाला, "बाबा, तुम्ही खुर्चीत बसून घड्याळ धरा ना."

"धरतो की, जावईबापू. तुमची फेरी होईपर्यंत."

घरात हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण काकांना भिंगरी मनापासून हवी होती. छत्तीस वर्षं ते मोठमोठ्या इमारतींच्या कामावर क्रेनला खुणा करायचे. वर, खाली, डावीकडे, हळू, थांब. त्यांच्या एका बोटावर सळयांचे भारे आकाशातून सरकायचे. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ते हात मांडीवर नुसते पडून राहिले. मग मुलगी कामाला जाताना कुत्रीला त्यांच्याकडे सोडू लागली. एका सकाळी त्यांनी सहज तळवा खाली केला, आणि भिंगरी बसली. चहा गार होईपर्यंत ते तिला उठवत होते आणि बसवत होते. पुन्हा कुणीतरी त्यांच्या हाताकडे बघत होतं.

उलटं पळणं त्यांनी कसंबसं सोडलं. बोगदा मात्र सुटेना. भिंगरी आत शिरली की काका तोंडाशी वाकून बघत उभे राहायचे. पलीकडून बाहेर पडायचं तर कुत्र्याला पुढे पळणारा माणूस दिसायला हवा, आवाज तरी यायला हवा. काका मागेच, म्हणून तीही आतल्या आत वळून आल्या वाटेनं बाहेर यायची.

"आत गेली ना? मग निघा तुम्ही!" मुलगी ओरडायची.

"दिसत नाही मला ती."

"दिसायची गरजच नाही, बाबा."

हे काकांच्या डोक्यात शिरायचं, अंगात उतरायचं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कुणाला तरी हटकायला म्हणून ते क्षणभर मागे वळले होते. तेवढ्यात वरचा भारा झुलला आणि पाण्याची टाकी फोडून गेला. टाकीशेजारचा माणूस वाचला, तेही वीतभर अंतरानं. ओझं हवेत असताना त्याच्याकडे पाठ करायची नाही, हे तेव्हापासून त्यांच्या हाडांत बसलं होतं.

शनिवारी त्यांचा जुना क्रेन ऑपरेटर मैदानावर आला. कामावर त्याला सगळे वरचा म्हणायचे आणि काकांना खालचा. बाकावर बसून त्यानं तीन फेऱ्या पाहिल्या. तिन्हींत भिंगरी बोगद्यातून परत आली.

"खालच्या, तुझी लेक बरोबर बोलतेय," तो म्हणाला. "ऐंशी फुटांवरून मला तरी तुझी बोटं कुठं दिसायची? तुझं हेल्मेट नि खांदे कुणीकडे वळताहेत ते बघायचो. हात नंतर यायचा."

"मग छत्तीस वर्षं मी काय माशा मारत होतो?"

"चिडू नकोस. इमारतीच्या पलीकडच्या बाजूला ओझं उतरवायचो तेव्हा मला काय दिसायचं?"

"काही नाही. भिंत."

"ओझं कुठं आहे, खाली कोण उभं आहे, काही दिसायचं नाही. तू कडेला उभा असायचास, तेवढाच दिसायचास. एकदा तरी केबिनमधून मान बाहेर काढून खात्री केली मी?"

काकांनी मान हलवली. नाही.

"मग आता तुझी पाळी," वरचा म्हणाला आणि त्यानं शेंगदाण्यांची पुडी उघडली.

घरी आल्यावर काकांनी बुटांच्या टोकांना पिवळी चिकटपट्टी लावली. पाय कुणीकडे वळताहेत ते स्वतःलाच दिसावं म्हणून. मग कुत्रीशिवाय, एकटेच, जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत ते पळत राहिले. मधली खुर्ची हा बोगदा. खुर्ची आली की मान वळायची. पंधराव्या की सोळाव्या वेळी ती वळली नाही.

रविवारी जावई आधी पळाला. काय पळाला! एकतीस सेकंद. पण सातव्या उडीला त्यानं हाक उशिरा दिली. हवेतच वळायच्या नादात भिंगरीच्या मागच्या पायानं दांडी पडली. तो कमरेवर हात ठेवून दांडीकडे बघत राहिला. "माझीच चूक," म्हणाला.

काका निघाले. पिवळी टोकं पहिल्या उडीकडे, मग दुसऱ्या उडीकडे. खांब झाले. सी-सॉ खटकन टेकला. नववा अडथळा, बोगदा. भिंगरी आत शिरली, आणि काकांची पाठ तिच्याकडे झाली. मानेत काहीतरी ओढत होतं. ते पुढच्या उडीकडे पळत राहिले. मागे कापडाची फडफड चालली होती, नखांची खरखर. मग दोन्ही थांबल्या, आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. गुडघा दुखत होता. तेवढ्यात डाव्या हाताजवळून एक तपकिरी कान सुर्रकन पुढे गेला.

शेवटच्या तीन दांड्या तिनं ओलांडल्या. काकांना मात्र थांबणं जमेना. जावयानं दंड धरून आवरलं.

"बाबा, ब्रेक लागत नाहीत तुमचे!"

काका धापा टाकत होते. त्यांनी दोन्ही पंजे पोटासमोर एकमेकांत घट्ट गुंफले.

"पोटात दुखतंय का?" मुलगी घाबरून धावली.

"काही दुखत नाही त्याला," वरचा बाकावरून म्हणाला. "सगळं थांबव म्हणतोय. ओझं जागेवर बसलं की असंच करायचा."

मुलीनं घड्याळ पाहिलं. "चव्वेचाळीस सेकंद. दांडी एकही नाही."

"पुढच्या महिन्यात घड्याळ मी धरतो," जावई म्हणाला आणि पाण्याची बाटली आणायला गेला.

भिंगरी लांबून गोल वळसा घेऊन आली आणि पिवळ्या टोकांसमोर बसली.