ओल्या फडक्यातलं पाकीट

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. शेतातली कीड मारणाऱ्या मित्र सूत्रकृमींबद्दल कुणी विचारलं, की त्यांच्या फायद्यांवर भरभरून बोलायचो आणि पिशोरच्या अद्रकीपाशी आलो, की विषय बदलायचो. पण माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, भावकीत अजूनही हलगर्जी म्हणतात, आणि ती तशी नव्हती.

शेतकी शाळेतून निवृत्त होऊन मी शहरात राहत होतो. दाजी गेल्यावर पिशोरची शेती आक्काच बघायची; मुलगा वाळूजच्या कंपनीत. अद्रकीला मुळं खाणारी हुमणी लागली तेव्हा तिचा दीर दाणेदार विष टाकायला सांगत होता. आदल्या साली ते टाकताना एका मजूर बाईला भोवळ आली होती, म्हणून आक्का ऐकेना. "विष नको. दुसरं काय हाय का तुझ्या पुस्तकात?" तिनं मला फोनवर विचारलं.

होतं. मित्र सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे हे जंत पाण्यात कालवून ओल्या मातीत ओतले, की हुमणीच्या अळीत शिरतात आणि तिला आतून मारतात. मेलेली अळी विटकरी लाल होते.

दीर हसला. "वहिनी, अळ्याच सोडायच्या व्हत्या तर आपल्या रानात काय कमी व्हत्या?"

"माझा भाऊ सांगतोय," आक्का म्हणाली. यंदा पीक गेलं तर पुढची शेती दीर म्हणेल तशी, असं ती भावकीसमोर कबूल करून बसली.

पाकीट मी शहरातल्या एका प्रयोगशाळेतून घेतलं. तिथल्या मुलीनं बजावलं, "सर, जिवंत आहेत. ऊन लागू देऊ नका." परतताना गुलमंडीच्या बाजारात नातीच्या बारशाचे कपडे घ्यायला थांबलो. पावसानं उघडीप दिलेली, ऊन तापलेलं. दुकानात चहा आला, गप्पा लांबल्या. बाहेर येऊन स्कूटरची डिकी उघडली तर आतून भपकारा आला. पाकीट हाताला चटका देत होतं. मला तेव्हाच कळलं. पाण्याचा थेंब घेऊन भिंगाखाली बघता आलं असतं. बघितलं नाही. दुसरं पाकीट लगेच मिळणार नव्हतं, आणि उद्या येतो म्हणून आक्काला सांगून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पिशोरला तिनं ते दोन्ही हातांत घेतलं. "जिवंत हायत न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

"मंग पाव्हणेच म्हणायचे." तिनं पाकीट ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाच्या बुडाशी ठेवलं आणि येता-जाता त्यावर पाणी शिंपडत राहिली. ऊन कलल्यावर आम्ही ते कालवून वाफ्यावाफ्याला ओतलं.

पुढं रोज सकाळी ती खुरप्यानं माती उकरून बघायची आणि फोन करायची. "पांढऱ्याच हायत रे अजून. लाल कधी व्हायच्या?" मी म्हणायचो, वाट बघ. तोवर अद्रक पिवळी पडत गेली. उपटावी तर खाली मुळंच उरलेली नसायची.

भावकी बांधावर जमली. दिरानं मलाच विचारलं, "पाव्हणं, चुकलं कुठं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "आक्कानं नीट ठेवलं नसेल. ऊन लागलं असेल."

आक्कानं हातातलं पिवळं रोप खाली ठेवलं. मग म्हणाली, "आसंल. माझ्याकडूनच झालं आसंल."

त्या दिवसानंतर शेतीत तिचा शब्द चालला नाही. दाणेदार विषाची पोती तिच्याच ओसरीवर उतरली. कुणी काही विचारायला आलं, तर ती दिराच्या घराकडं बोट दाखवायची.

खरं सांगायचं म्हणून मी कितीदा तरी पिशोरला गेलो आणि चहा पिऊन परत आलो. एकदा तिनंच विषय काढला. "फडकं अजून भिजवायला पायजे व्हतं का रे? मला वाटलं, लई पाण्यानं गुदमरतील." आणि मी काय म्हणालो? "जाऊ दे आक्का, होतं असं एखाद्याकडून." न केलेल्या चुकीबद्दल मी तिला माफ केलं. तिचं तोंड तेवढ्यानंही उजळलं.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. मी पोचलो तेव्हा तिला न्यायची तयारी झाली होती. पाया पडताना वाकलो, तोंड उघडलं, पण शेजारी दीर उभा होता. तेव्हाही बोललो नाही. बोलायचं होतं ते एवढंच: आक्का, तू काही चुकली नाहीस. तुझ्या हातात दिलं तेव्हाच ते मेलेलं होतं, आणि मला ते माहीत होतं. मला माफ कर.