अम्मी, बॅटरी नको!

मंडळी, जमलं! आब्बांनी कुवेतहून आणलेला कॅमेरा आज पुन्हा चालला!

त्याचे रोल रत्नागिरीत मिळत नाहीत, म्हणून रुंद फिल्मचा मोठा गुंडाळा मागवला. ती मापाने कापून जुन्या रोलच्या कागदावर चिकटवायची, तीही ठार काळोखात. सकाळी कोठीचं दार लावून तेच करत होतो, आणि लाईट गेली. मी आधीच काळोखात, मला कसं कळणार?

अम्मी बॅटरी घेऊन धावली. "काळोखात काय करतोस रे? दार उघड!"

"अम्मी, बॅटरी नको!" मी ओरडलो. जरा उजेड आला असता तर सगळी फिल्म गेली असती.

कॅमेरा भरून बाहेर आलो, तर ती बॅटरी विझवून उंबऱ्यावर बसलेली. कुणाला आत सोडलं नव्हतं. पहिला फोटो तिचाच काढला.

आत्ताच फिल्म धुतली. एकूण एक फोटो आलाय!

तुमच्या काळोखाची राखण कुणी केलीय का कधी?