शेवटच्या शेतापासून सुरू होणारं पाणी

फिरायला नव्हते गेले, पळून गेले होते. हे आधीच सांगून टाकते.

आमचं गाव समुद्राकाठचं, छोट्याशा नगरपरिषदेचं. तिथं मी होमस्टे चालवते, अधूनमधून हा ब्लॉग लिहिते आणि गेल्या निवडणुकीपासून नगरसेविकाही आहे. (काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे.) सोमवारी सभा होती. यंदा पहिलं काम कुठलं धरायचं, ते ठरणार होतं. निधी एकाच मोठ्या कामाला पुरणारा आणि कामं दोन. एक, किनाऱ्यावर फरशी, दिवे, बाकडी. दुसरं, बंदरवाडीची पाइपलाइन. बंदरवाडी म्हणजे गावाच्या पार टोकाची मच्छीमारांची वस्ती. नळ आहेत, पण टाकीतलं पाणी तिथवर पोचतच नाही, आणि उन्हाळ्यात विहिरी खाऱ्या होतात.

सदस्य निम्मे इकडे, निम्मे तिकडे. मधे उरले मी. माझं घर किनाऱ्यावर, मला मतं दिली ती किनाऱ्यावरच्या लोकांनी, आणि माझा नवरा मिलिंद, त्याने तर दिव्यांखाली टेबलं कुठं मांडायची तेही ठरवून ठेवलेलं. मासे आणायला गेले तरी कुणीतरी अडवायचं, "ताई, लक्षात आहे ना?" बंदरवाडीच्या बायका काहीच म्हणायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. ते जास्त जड जायचं.

शेवटी शुक्रवारी धाकट्या बहिणीला, वैशालीला, फोन केला. ती इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीला दिलेली आहे. "येऊ का गं?" म्हटलं. "ये की! विचारती काय?" म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिची भाषा पार घाटावरची झालीय.

आमच्याकडून जायचं तर चिपळूण, कुंभार्ली घाट, उंब्रज, सातारा, फलटण, बारामती. मी एसटीनेच गेले. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीच्या पेट्रोलचा विचारही करू नका, फक्त साताऱ्याला बस बदलताना पाण्याची बाटली भरून घ्या. घाट चढेपर्यंत घामाच्या धारा, आणि फलटणच्या पुढं हवा अशी कोरडी की ओठ फुटले. खिडकीतून ऊस, ऊस आणि ऊस. मी मात्र फोनमध्ये डोकं घालून नगराध्यक्षांचे मेसेज वाचत होते. पळून गेलं तरी फोन बरोबर येतोच.

रात्री बारामतीत स्टँडजवळच्या लॉजवर उतरले. खोली साधी, स्वच्छ, शाकाहारी थाळी चांगली, ठेचा मागितला तर जपून खा. सकाळी उठून चालत सुटले आणि काय सांगू, जळफळाट झाला नुसता! रुंद रस्ते, सावली धरलेली झाडं, बागा, पाण्याकाठी फिरायला केलेली वाट, वर दिवे. फोटो काढून मिलिंदला पाठवले. त्याचं लगेच उत्तर, "बघ! मी काय सांगत होतो?" बाकावर एक आजी बसल्या होत्या, त्यांना विचारलं, रोज येता का? "व्हय, रोज. घरात करमत न्हाय," म्हणाल्या, "हितं आलं की जिवाला बरं वाटतं." हे खोटं कसं म्हणायचं? माणसाला बसायला जागा लागतेच. तिथंच मी मनात मत देऊन टाकलं. किनाऱ्याला. हलकं वाटलं आणि दोन प्लेट मिसळ खाल्ली.

बारामतीहून इंदापूरची कुठलीही बस निमगावला थांबते. वैशाली स्टँडवर घ्यायला आली होती. घरी तिचे सासरे, तात्या, ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. एरवी हा माणूस मोठा गप्पिष्ट. आज नुसतं, "या ताई, बसा," आणि पुन्हा चक्कर. तिच्या सासूबाई, काकू, हसून म्हणाल्या, "त्यांचं मनावर घिऊ नका. कालव्याला पाणी आलंय. चार रोज आसंच चालतंय."

पाणी आलं तर माणूस खूश होईल की येरझाऱ्या घालेल? संध्याकाळी शेतावर गेल्यावर कळलं. तात्या तिथल्या पाणी वापर संस्थेचे चेअरमन. कालव्यातून निघालेली चारी पहिल्यांदा त्यांच्याच रानाला लागते. चारीवर लोखंडी दार, दाराच्या अलीकडं त्यांचा ऊस, पानं वाळून गुंडाळलेली. आणि त्या उसाच्या नाकासमोरून पाणी खळाळत पुढं चाललेलं. दार बंद. शेजारच्यांचीही दारं बंद.

"हे काय? तुम्ही का घेत नाही?"

"आमची पाळी शेवटी," तात्या म्हणाले. "हितं पाणी टेलपासनं सुरू हुतं. कळस गावच्या अंगाला जो शेवटचा गडी हाय, त्याचं रान आधी भिजणार. मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. आमी वरचे, म्हणून सगळ्यात शेवटी."

"पण असं उलटं का?"

"सुलटं करून बघितलं की! वरच्याला आधी दिलं तर त्याचं कवाच भागत न्हाय. आजून थोडं, आजून थोडं करतोय. खाली निस्ता चिखल पोचायचा."

मी म्हटलं, मोठं मन लागतं हो याला. तर तात्या उखडलेच. "कसलं मोठं मन? मला काय हौस हाय व्हय? माझा जीव नुसता खालीवर हुतोय हितं!"

काकूंनी घरी खरं ते सांगितलं. सभेत हा ठराव आला तेव्हा तात्या जेवण करून गेले होते. बसल्या बसल्या पेंगले, मान हलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या: चेअरमनची मंजुरी! "जागं झालं तवा हार घातल्याला गळ्यात," काकू म्हणाल्या, आणि आम्ही हसून हसून मेलो. तात्या सोडून.

रविवारी सकाळी मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. चहा घेऊन मी आणि वैशाली चारीवर गेलो तर तिचा नवरा, संदीपराव, दाराच्या चाकाला हात घालून उभे, आणि समोर तात्या.

"एक तासभर उघडतो. कोण बघतंय?"

"उघड की," तात्या म्हणाले. "ऊस तुझाच हाय. पर मंग आत्ता शेजारच्या धाही जणांला फोन लाव, म्हणावं तुमीबी उघडा. आनि खालच्या गड्याला तूच सांगाय जायचं, मी न्हाय जाणार. मला तोंड न्हाय तितं दाखवाय."

संदीपराव कितीतरी वेळ चाक धरून उभे होते. मग त्यांनी चाक सोडलं, मोटारसायकलकडे गेले. तात्या तिथंच बांधावर बसले आणि उसाकडे पाठ केली.

दुपारी संदीपरावांनीच मला भिगवणला सोडलं. वाटेत डाळजजवळ हायवेच्या हॉटेलात जेवलो. उजनीच्या पाण्यातला मासा, तिखट रस्सा, ज्वारीची भाकरी. मी समुद्राची, मला गोड्या पाण्याचा मासा मिळमिळीत लागतो, पण रस्सा वरपून प्यावा असा होता. किंमतही आमच्याकडच्या निम्मी. जेवताना मी विचारलं, राग गेला का?

"न्हाय," म्हणाले. "तात्यांचं बरोबर हाय. पर बरोबर असल्यानं ऊस भिजत न्हाय ना, ताई."

भिगवणहून पुणे आणि पुण्याहून रात्रीची कोकणातली गाडी. सीट मागे घेऊन झोपायचा प्रयत्न केला, पण छे. शनिवारी इतकं हलकं वाटत होतं, ते कुठं गेलं कोण जाणे. सारखा हिशेब चालू: मी टाकीजवळची. माझ्या घरी नळाला धो धो पाणी. आणि मी म्हणतेय, आणखी थोडं, आता दिवे पण. भयंकर लाज वाटली. रागही आला, तात्यांचा. इतक्या लांब काय म्हणून मी हे बघायला गेले?

सोमवारी सभेत नगराध्यक्षांनी विचारलं, "मग ताई?" मी उभी राहिले. "पहिलं काम बंदरवाडी," म्हटलं. "आणि नवी लाइन पडेपर्यंत रोजचं पाणी आधी बंदरवाडीला सोडा. बाकी सगळ्यांना त्यानंतर. किनाऱ्याला सगळ्यात शेवटी." एका मताच्या फरकाने मंजूर झालं. बाहेर माझ्याच वॉर्डातला दुकानदार उभा होता. "कुणाच्या नगरसेविका हो तुम्ही?" म्हणाला.

समाधान मिळालं असेल असं वाटत असेल तुम्हाला, तर नाही मिळालं. मिलिंद कामापुरतंच बोलतो. आमच्याकडे आता पाणी दुपारी येतं, तेही बारीक धारेचं, आणि सुट्टीतले पाहुणे सकाळी आंघोळीला खोळंबतात. ट्रिप करायची असेल तर जरूर करा, बारामती सुंदर आहे, निमगावची माणसं जीव लावतात. फक्त हातात एखादा निर्णय घेऊन जाऊ नका.

काल एका पाहुण्याने नळ सोडून विचारलं, "मॅडम, पाणी कधी येणार?" स्वयंपाकघरातून मिलिंद ओरडला, "बंदरवाडीचं झालं की!" चिडूनच ओरडला. पण हे माझ्यामुळे झालंय, असं पाहुण्याला नाही सांगितलं त्याने. भरून ठेवलेल्या बादल्यांतली एक उचलली आणि स्वतः त्यांच्या खोलीपर्यंत नेऊन दिली. मी दारात उभी राहून बघत होते. "काय बघतेस?" म्हणाला. "दुसरी उचल."