शैलाकाकूंच्या डेकवरचं सायप्रस

“वरून निमुळतं कर, ख्रिसमस ट्रीसारखं. आणि ती वाळकी फांदी आधी काप. दारात वाळकं झाड नको,” शैलाकाकू म्हणाल्या. काकू रिटायर्ड डॉक्टर. त्यांच्या बोलण्यात विनंती नसते.

व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये मी लोकांची बोन्साय सांभाळते. समोर कुंडीत बाल्ड सायप्रस होतं, दलदलीत वाढणारं झाड, काकांनी वीस वर्षं वाढवलेलं. काका गेल्या हिवाळ्यात गेले. त्यानंतर वसंतात झाडाच्या उजव्या फांदीला पालवी फुटलीच नाही.

मला रागच आला. हे झाड तरुणपणी टोकदार असतं, म्हातारं झालं की माथा सपाट होतो. आम्ही त्याला फ्लॅट-टॉप म्हणतो. काकांनी नेमकं तेच साधलं होतं. कापलेलं परत चिकटवता येत नाही. पण रागावून क्लायंट टिकत नाहीत. अशा वेळी कात्री लावण्याआधी मी क्लायंटला जंगलातलं झाड दाखवते.

“काकू, एक ड्राइव्ह करू. मग तुम्ही म्हणाल तसं.”

नोव्हेंबरची दुपार होती. दक्षिण व्हर्जिनियातल्या एका दलदलीत आम्ही होडी भाड्याने घेतली. पाणी कोऱ्या चहासारखं काळं, वर धुकं. सायप्रस हिवाळ्यात पानं गाळतं, त्यामुळे सगळी झाडं बोडकी. मुळांतून वर आलेले खुंट पाण्यात गप्प उभे होते. एकही पक्षी ओरडत नव्हता. मी वल्हं थांबवलं, तरी होडी एकाच बाजूला सरकत राहिली.

“अगं, थांब!”

समोर एक सायप्रस होतं. सपाट माथा, बुंध्यात डावीकडे ढोली, तिच्यावर वाकलेली फांदी. काकूंच्या डेकवरचंच झाड, फक्त प्रचंड.

“आमचे हे इथे येत होते?”

“तुम्हाला बोलले नाहीत?”

“फिशिंगला जातो म्हणायचे. मासा एकदाही घरी आला नाही.”

मग मला झाडाची उजवी बाजू दिसली. तिथली फांदी मोडून पडली होती. जखम करडी, म्हणजे काही महिन्यांपूर्वीची. डेकवरच्या झाडाचीही नेमकी तीच फांदी वाळली होती. वादळात फांद्या मोडतात, कुंडीतल्याही वाळतात, असं मी काकूंना सांगितलं. सांगताना माझाच त्यावर विश्वास बसेना.

“मला सांगितलं असतं तर मीही आले असते,” काकू म्हणाल्या आणि रडल्या.

परतल्यावर त्यांनी वाळक्या फांदीला हात लावू दिला नाही. माथाही तसाच आहे. मी फक्त फांद्यांना वळण द्यायला गुंडाळलेली जुनी तार काढली.

धडा एवढाच, की झाडाला आकार देण्याआधी ते कोणाकडे बघून वाढवलंय हे विचारावं. काकू आता दर महिन्याला त्या दलदलीत जातात. मलाही बोलावतात. मी अजून तरी ‘बिझी आहे’ म्हणून टाळते.